पोर्तुगीज करणे

आमच्या गोव्यात एक क्रियापद आहे, ते मराठीच्या कोणत्याही शब्दकोशात सापडायचे नाही. 'पोर्तुगीज करणे'. "ताणें पोर्तुगीज केलां" असे कोणी म्हणाले की समजायचे, त्या गृहस्थाने आपली किंवा आपल्या बापाची जन्मनोंद लिस्बनला पाठवून पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले. सासष्टी-बार्देशात हे शब्द कितीतरी वर्षे कानांवर पडत आहेत. आमच्या पेडण्यात ते उशिरा पोचले. पण पोचले, आणि गेल्या वर्षी तर माझ्या ओसरीवरच येऊन बसले.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. (शिक्षकाची खोड! फळा दिसला की खडू उचलायचा.) राष्ट्रकुलातल्या देशाच्या नागरिकाचा आजा किंवा आजी ब्रिटनमध्ये जन्मली असेल तर त्याला तिथे पाच वर्षे राहून काम करण्याचा व्हिसा मिळतो. आपल्याकडच्या एखाद्या अँग्लो-इंडियन घराला त्याचा उपयोग होत असेल. पोर्तुगालची गोष्ट त्याच्याही पुढची. तिथे वंशावळ दाखवून व्हिसा नव्हे, थेट नागरिकत्वच. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या लेखी पोर्तुगीज म्हणूनच जन्मला. तिथली हुकूमशाही एप्रिल १९७४ मध्ये कोसळली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला झालेल्या कराराने पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. जमीन सोडली, पण त्या जमिनीवर आधी जन्मलेल्या माणसांचा हक्क काढून घेतला नाही. आपला जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात उतरवून घ्यायचा, मग लग्न उतरवायचे, मग मुलांचे जन्म. अशी साखळी.

१९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला आणि या जुन्या कागदाला नवे मोल आले. त्याच्या जोरावर हजारो गोंयकार इंग्लंडात गेले. स्विंडन नावाचे शहर त्यामुळेच आमच्या गावागावांत माहीत झाले. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ३१ डिसेंबर २०२० पासून, नव्याने जाणाऱ्यांसाठी ती वाट बंद झाली. तरी आयर्लंड आहे, जर्मनी आहे, खुद्द पोर्तुगाल आहे.

आता आपली बाजू. १९६२ च्या आदेशाने भारत सरकारने आम्हा सगळ्यांना २० डिसेंबर १९६१ पासून भारताचे नागरिक ठरवले. ज्यांना पोर्तुगीज राहायचे होते त्यांनी महिन्याभरात तसे लिहून द्यायचे होते. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. मी काय लिहून देणार! आणि आपल्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम सांगते की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपले. म्हणजे एकाच माणसाला दोन देश आपला म्हणतात. त्यातला एक मात्र बजावतो की तिकडे हात पुढे केलास तर तू माझा नव्हेस.

माझा धाकटा मुलगा कळंगुटच्या एका हॉटेलात मुख्य आचारी आहे. वय एक्केचाळीस. पावसाळ्याचे चार महिने अर्धा पगार, हंगामात चौदा-चौदा तास उभे राहणे, भविष्य निर्वाह निधीचा पत्ता नाही. त्याच्याबरोबर भांडी घासायला लागलेला मुलगा आज डब्लिनला स्वयंपाकी आहे आणि त्याने गावात घर बांधले आहे. मुलगा एका रविवारी आला, चहा घेतला, आणि म्हणाला, "बाबा, तुमची फकत एक सय जाय. बाकीचें हांव पळयतां."

एक सही! सौ. बांद्याची, म्हणजे पत्रादेवीचा नाका ओलांडला की पलीकडच्या महाराष्ट्रातली. तिच्या जन्मावर पोर्तुगालचा काही दावा नाही. त्यामुळे साखळीची पहिली कडी मीच.

पत्रादेवीचे नाव निघाले म्हणून सांगतो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या जागांपैकी एक ही. ती आमच्याच तालुक्यात आहे. नोकरीच्या काळात मी दर १५ ऑगस्टला मुलांना तिथल्या स्मारकावर नेत असे. पाऊस असायचाच. एकदा सहावीतल्या एका मुलाने विचारले, "सर, पोर्तुगीज लोक वाईट होते?" मी म्हणालो, "राज्य वाईट होते, बाळ." त्याचे समाधान झाले. आता तोच प्रश्न मुलाच्या सहीच्या कागदाआडून माझ्याकडे बघत होता, आणि उत्तर तेवढे सोपे वाटत नव्हते.

जे आमच्याकडे पोर्तुगीज केलेल्यांना देशद्रोही म्हणतात त्यांच्याशी मात्र माझे कधी जमले नाही. अमेरिकेत नागरिकत्वाची शपथ घेणाऱ्या मुलाचा गावी शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. तिथे उजवा हात वर करून दुसऱ्या देशाशी निष्ठा सांगितलेली चालते. आणि आचाऱ्याच्या मुलाने बापाचा जन्मदाखला दाखवला की तो फितूर? बरे, वंशावळीची किल्ली दोन्हीकडून लागते. आज युरोपीय परिषदेचे अध्यक्ष असलेले आंतोनियो कोश्ता यांचे वडील ओर्लांदो द कोश्ता हे मडगावच्या घराण्यातले लेखक. कोश्ता पोर्तुगालचे पंतप्रधान असताना जानेवारी २०१७ मध्ये बंगळूरला आपल्या पंतप्रधानांनी त्यांच्या हाती ओसीआय कार्ड ठेवले, तेही वंशावळीवरूनच. तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

असो. मी मुलाला हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. "आधी नोंद तरी बघू," म्हणालो.

गोव्यात जन्म, विवाह, मृत्यू यांच्या नोंदी पोर्तुगीज अमदानीत सक्तीच्या होत्या आणि त्या वह्या जपून ठेवलेल्या आहेत, हे मान्य करायला हवे. नोंदीच्या पूर्ण नकलेला सगळे 'तेओर' म्हणतात. कचेरीतल्या बाईंनी वही काढली. पान पिवळे, शाई तपकिरी, अक्षर वळणदार. मी पोर्तुगीज शाळेत 'प्रिमेर ग्राव'पर्यंत शिकलो, पुढे सगळे मराठीत, बी.ए.सुद्धा. त्यामुळे अर्धेमुर्धेच लागत होते. माझ्या नावातला 'श' तिथे एक्स होऊन बसला आहे. आडनावाच्या 'नाईक'मधला शेवटचा 'क' लिहायला क्यू, यू, ई अशी तीन अक्षरे लागली आहेत. आणि जन्मतारीख ९ मार्च १९५१! शाळेत, सेवापुस्तकात, निवडणूक ओळखपत्रावर, सगळीकडे मी १ जूनला जन्मलेला. त्या काळी मास्तर सगळ्यांनाच एक जून देत. मी स्वतःही पुढे कितीजणांना दिला आहे.

पण मी थांबलो ते तारखेपाशी नव्हे. पानाच्या तळाशी जन्म कळवणाऱ्याची सही होती. माझ्या वडिलांची. मोडीत.

वडील देवळाच्या अग्रशाळेत मुलांना मराठी शिकवत. पगार म्हणजे भात, नारळ आणि चतुर्थीला एखादे धोतर. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात आमच्या घरची सगळी मते फुलाला, म्हणजे महाराष्ट्रात विलीन होण्याला पडली. दोन पाने जिंकली तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते. हा माणूस १९५१ च्या मार्चमध्ये चालत पेडण्याला गेला, परक्या सरकारच्या वहीत परक्या भाषेत मुलाचा जन्म लिहवून घेतला, आणि खाली मोडीत सही ठोकून घरी आला. त्यांना त्या सरकारबद्दल प्रेम नव्हते. पण मुलगा जन्मला होता, त्याची नोंद व्हायला हवी होती.

म्हापशाच्या वकील बाई (माझ्याच एका विद्यार्थिनीची मुलगी) मला सगळे नीट समजावून सांगत होत्या. जन्म लिस्बनला नुसता उतरवून घेतला, ओळखपत्र-पासपोर्ट काही घेतले नाही, तर भारतीय नागरिकत्व जाते का, यावर आमच्याकडे वर्षानुवर्षे वाद चालला आहे. ज्यांनी नोंद करूनही भारतीय पासपोर्ट वापरला त्यांचे पासपोर्ट रद्द झाले, मग ते परत केल्याचा दाखला नाही म्हणून ओसीआय अडले. रद्द केल्याचा कागदही चालेल असे केंद्राने २०२४ मध्ये ठरवले तेव्हा कुठे त्यांची वाट मोकळी झाली. मुलाला ओसीआय मिळाले तरी मत देता येणार नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही. आमची काजूची बाग वारशाने मात्र घेता येईल.

"आणि माझे मत?" मी विचारले.

"सर, तुमचा धोका शून्य आहे असे मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. हे मला आवडले. एजंट लोक छातीवर हात ठेवून 'कांय जायना' म्हणतात आणि पैसे मोजून घेतात. मग त्यांनी जरा चाचरत आणखी एक सांगितले, की माणूस हयात नसला तरी त्याच्या मुलाला ही नोंद करून घेता येते. म्हणजे मी अडून बसलो तर मुलाने काय करायचे? माझ्या मरणाची वाट बघायची?

घरी येऊन सौ.ला सांगितले. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तेका जावंदेत. झिलाक आडवून काय करतालात? नातीचा काय ता बगा." नात नऊ वर्षांची आहे. मला तिची फार सवय आहे. रोज संध्याकाळी ती माझ्याकडे पाढे म्हणते. तेवीसचा पाढा अजून अडखळतो. सौ.लाही ती सवय आहेच, आणि तरीही ती 'जावंदेत' म्हणाली, हे माझ्या लक्षात राहिले.

मी १९७७ पासून प्रत्येक निवडणुकीत मत दिले आहे, एकही चुकवलेले नाही. कितीदा मतदान केंद्राधिकारी म्हणून रात्र शाळेच्या बाकावर काढली. ते नाव यादीतून निघाले तर मला लागेल. फार लागेल. मुलाला हे मी स्पष्ट सांगितले, कारण त्याला वाटत होते की बाबांना एक सही करायला काय जाते. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "नाका तर नाका, बाबा." आणि तो रागाने म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर म्हापशाला गेलो. वकील बाईंनी अर्ज पुढे केला आणि म्हणाल्या, सर, इंग्रजीत सही करा, तिकडे सोपे जाते. मी म्हटले, माझी सही मराठीत आहे, बँकेत तीच, सेवापुस्तकात तीच. आणि लिस्बनला जी नक्कल जाणार आहे तिच्यावर तर मोडी आहे. त्या हसल्या, फोन करून कुणाला तरी विचारले, आणि चालेल म्हणाल्या.

आता तारखेच्या फरकाचे प्रतिज्ञापत्र करायचे आहे. शिवाय सौ.चे लग्नानंतरचे नाव आणि माहेरचे नाव यांचा मेळ बसवायचा आहे. त्यासाठी बांद्याच्या ग्रामपंचायतीतून तिचा जन्माचा दाखला हवा. मंगळवारी आम्ही दोघे जाणार आहोत. नात शाळेला बुट्टी मारून बरोबर येणार म्हणते आहे.