चाळीस पराभवांची वही

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाला माझ्याकडून शाळेच्या वाटचालीचा आढावा अपेक्षित असणार. इतिहासाच्या शिक्षकाला ते शोभलेही असते. परंतु तो वृत्तांत माझे सहकारी अधिक चांगला लिहितील. मला येथे एक कबुली द्यायची आहे. वसतिगृहातील मुलांचे मोबाइल ज्याने वर्षानुवर्षे जप्त केले, तोच शिक्षक २०२२ च्या उन्हाळी सुट्टीत एका संगणकीय खेळातील राक्षसाशी महिनाभर झुंजत होता.

माझा मुलगा अभियंता आहे. कोरोनाच्या काळात तो पुण्याहून मेडशीला आला आणि घरूनच काम करू लागला. पुढे ती नोकरी गेली. मग जेवताना आमचा संवाद ‘अर्ज केलास का?’ आणि ‘केला’ या दोन वाक्यांत आटोपू लागला. रात्री तो दार लोटून घेई आणि खेळत बसे. मे महिन्यातील एका रात्री उकाड्याने झोप येईना. घरातला एकुलता एक कूलर त्याच्या खोलीत होता. निरुपायाने मी तेथे जाऊन बसलो. रागावण्याचे मनात होते, पण गार वाऱ्याच्या मोहाने गप्प राहिलो आणि पाहू लागलो.

‘एल्डन रिंग’ नावाचा तो खेळ २५ फेब्रुवारी २०२२ रोजी जगभर प्रसिद्ध झाला होता. तोक्योच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने तो निर्माण केला, दिग्दर्शन हिदेताका मियाझाकी यांचे, आणि त्यातील पुराणकथेचा पाया अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी रचलेला. ग्रेस म्हणजे दैवी कृपा गमावून हद्दपार झालेले लोक परत येतात आणि राज्यपदावर हक्क सांगतात, असे कथानक. ते ऐकून मी थोडा सावरून बसलो. मुलगा म्हणाला, “बाबा, नुसते पाहून नाही समजत. तुम्हीच खेळून पाहा.” त्याने मला ‘व्हॅगाबॉन्ड’ म्हणजे भटका हे पात्र निवडून दिले. हातात एक तलवार, एक ढाल.

स्टॉर्मव्हेल नावाच्या गडाकडे जाणाऱ्या पुलावर मार्गिट उभा असतो. अशा दांडग्या प्रतिस्पर्ध्याला खेळाडू ‘बॉस’ म्हणतात. डोक्यावर शिंगे, हातात भली मोठी काठी, आणि तोंडी आपल्या महत्त्वाकांक्षेची टवाळी. गादीची स्वप्ने पाहणारे तुम्ही कोण, असा त्याचा एकंदर सूर. पहिल्या झुंजीत मी दहा सेकंदही टिकलो नाही. दुसऱ्या, तिसऱ्या आणि दहाव्या वेळीही तेच. या खेळात मरण आले की जमविलेली सारी पुंजी मेलेल्या जागी पडून राहते. ती परत घेण्यापूर्वी पुन्हा मेलो, तर ती कायमची गेली. माझी ती पुंजी किती वेळा गेली, त्याची मोजदाद नाही.

चौथ्या दिवशी मी माझ्या सवयीच्या शस्त्राकडे वळलो. दोनशे पानी वही काढून रकाने आखले: कितवा प्रयत्न, कोणत्या घावाने मेलो, त्या क्षणी मी काय करीत होतो. मुलगा हसला, पण दुसऱ्या दिवसापासून तोच शेजारी बसून नोंदी सांगू लागला. चाळीस पराभव लिहून झाले तेव्हा बेरीज केली. सतरा वेळा मी ‘आणखी एक घाव’ या लोभाने मेलो होतो. बारा वेळा त्याची काठी खाली येण्याआधीच मी घाबरून लोळण घेतली होती. तो काठी उगारतो आणि मुद्दाम थांबतो. आपण आधीच हललो तरी ती उशिरानेच खाली येते. सात वेळा त्याच्या डोळ्यांसमोर औषधाची कुपी पिण्याच्या नादात मेलो, कारण कुपी तोंडाला लावली की तो लखलखती कट्यार फेकतो. उरलेले चारच पराभव असे होते की जेथे तो खरोखर माझ्याहून वरचढ ठरला. म्हणजे छत्तीस वेळा मला माझ्या लोभाने, भीतीने आणि उतावळेपणाने मारले होते. तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी अखेरचा उपदेश अप्रमादाचा केला, हे मी शेकडो वेळा वंदनेनंतर मुलांना सांगितले आहे. प्रमाद म्हणजे काय, हे मला त्या वहीत रकान्यांनिशी दिसले.

त्या रात्री मी वही मिटली आणि म्हणालो, “माझ्याच्याने हे होणार नाही.” मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही दारावरच डोके आपटून राह्यले. दक्षिणेकडे चला. तिकडे पुष्कळ काही आहे.”

‘होणार नाही’ हे माझेच शब्द कानावर आले आणि मी दचकलो. त्याच वर्षी फेब्रुवारीत, दहावीच्या परीक्षेपूर्वी, वसतिगृहातील एका मुलाच्या सराव परीक्षेचा गणिताचा पेपर हाती घेऊन मी त्याला हेच म्हणालो होतो: “गणित तुझ्याच्याने होणार नाही.” त्याचे आईवडील वीटभट्टीवर कामाला. तो खाली मान घालून “हो सर” म्हणाला आणि निघून गेला. त्याला दक्षिणेची वाट दाखविणे हे माझे काम होते. मी मात्र काठी उगारून दारात उभा राहिलो होतो.

दारावर डोके आपटणे आणि दार सोडून तयारी करणे यांतील फरक आम्हां इतिहासाच्या विद्यार्थ्यांना वेगळा सांगावा लागू नये. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. पुढे काही वर्षे लोक दाराशी मार खात राहिले आणि दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला. मधली एकवीस वर्षे काही रिकामी गेली नाहीत. ते वाचन, चिकित्सा आणि तयारी यांचे पर्व होते. एका खेळाची त्या लढ्याशी तुलना करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. परंतु एम.ए.ला पाठ केलेल्या या दोन तारखांमधील अंतराचा अर्थ मला त्या उन्हाळ्यात नव्याने कळला, एवढे प्रांजळपणे नोंदवितो.

आम्ही आठवडाभर दक्षिणेच्या द्वीपकल्पात हिंडलो. लहानसहान शत्रूंशी लढून प्राणशक्ती वाढविली. पडक्या चर्चमध्ये ऐरणीवर तलवारीला धार चढविली. कुप्यांची संख्या वाढविणारी सोनेरी बीजे गोळा केली. मदतीला तीन लांडग्यांचे आत्मे मिळतात, ते हाक मारताच धावून येतात. ते बोलाविणे मला कमीपणाचे वाटत होते. मुलगा म्हणाला, “संघटित व्हा म्हणून तुम्हीच सांगता ना?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

परत पुलावर आलो तेव्हा एकच नियम ठरविला: दोन घाव, मग मागे. तिसरा नाही. एकदा ऐन भरात वीज गेली, एकदा हाताला घाम सुटला. सातव्या प्रयत्नात, रात्री दीडच्या सुमारास, मार्गिट कोसळला. आम्ही दोघे असे ओरडलो की सौ. दचकून उठल्या आणि काय झाले म्हणून धावत आल्या. कित्येक महिन्यांनी मुलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग चहा करता करता त्याने मला मार्गिटची खरी गोष्ट सांगितली. त्या जगात काही मुले शिंगे घेऊन जन्मतात. त्यांना अपशकुनी मानतात. सामान्यांच्या घरात असे मूल जन्मले तर त्याची शिंगे छाटतात, आणि त्यात बहुतेक मुले दगावतात. राजघराण्यात जन्मले तर कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून राजधानीखालच्या गटारांत कोंडून ठेवतात. मार्गिट हे नुसते पांघरलेले नाव. तो खरा मॉर्गॉट, राणीच्या पोटचा मुलगा, जन्माच्या खुणेमुळे गटारात वाढलेला. आणि ज्या व्यवस्थेने त्याला गटारात टाकले, तिच्याच रक्षणासाठी तो पुलावर उभा राहून दुसऱ्या बहिष्कृतांना हाकलतो.

चहा निवून गेला. जपानच्या इतिहासातही जन्माने अस्पृश्य ठरविलेला बुराकू समाज आहे. १८७१ साली शासनाने कायद्याने तो भेद रद्द केला, तरी तो समाजात उरला. म्हणून ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे त्या समाजाने ‘सुइहेइशा’ ही संघटना उभारली. खेळाच्या कर्त्यांच्या मनात हे होते असे मी म्हणत नाही. मी वाचले ते माझ्या डोळ्यांनी. बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेचे विश्लेषण केले, तिचे बळ यातच आहे की खालच्या पायरीवरील माणसालाही ती कोणातरी आणखी खालच्याला हाकलण्याची काठी देते. त्या रात्री विजयाचा आनंद निम्मा राहिला. मीही याच समाजाच्या पोटातून शिकून वर आलो, आणि वीटभट्टीवरच्या एका मुलापुढे काठी घेऊन उभा राहिलो.

१७ जूनला निकाल लागला. तो मुलगा फक्त गणितात नापास होता. मी त्याच्या गावी गेलो, क्षमा मागितली आणि त्याला वसतिगृहात आणले. त्याच्या जुन्या सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका घेऊन आम्ही वही आखली. कोणते उदाहरण चुकले, कोणत्या पायरीवर, आणि त्या क्षणी मनात काय होते. चार दिवसांत दिसले की रीत त्याला येत होती. ऋण चिन्ह कंसाबाहेर काढताना तो दरवेळी घाई करीत होता, आणि एक उदाहरण अडले की घाबरून पुढची सोडून देत होता. पुरवणी परीक्षेत त्याला ४१ गुण मिळाले. तो आज या शाळेचा माजी विद्यार्थी आहे आणि ही स्मरणिका त्याच्याही हाती पडेल.

वसतिगृहातील मोबाइल मी अजूनही जप्त करतो, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. परंतु आता माझ्या टेबलावर कोऱ्या वह्यांचा एक गठ्ठा असतो. ज्याला काही जमत नाही असे वाटते, त्याने यावे आणि एक घेऊन जावी. पहिल्या पानावरचे रकाने मी आखून देईन.