घट्टे

बोटांची स्मरणशक्ती मोठी अजब असते. पंधरा वर्षांपूर्वी शिकलेली ‘सी’ कॉर्ड ती अंधारातही शोधून काढतात. पण तार सोसण्याची ताकद मात्र चार-सहा महिन्यांत विसरून जातात. गिटारच्या पोलादी तारा रोज दाबल्या तर डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडतात. सोडून दिल्या तर कातडी पुन्हा तान्ह्या मुलाच्या गालासारखी मऊ होते.

माझी बोटे अशी मऊ झाली ती संगणकाच्या संगतीत. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी गाणी तयार करता करता मला ध्वनिमुद्रणाचा छंद लागला. सिडकोतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत हेडफोन लावून बसावे, इथे बासरी ठेवावी, तिथे ढोलकी सरकवावी, बेसूर जागा पुसून टाकावी. कादंबरी लिहिणाऱ्याला हे काम फार ओळखीचे वाटते. कादंबरीतही मेलेले पात्र रात्रीतून जिवंत करता येते! वादन हे मात्र वर्गातल्या तासासारखे. तोंडून जे गेले ते गेले, पोरांनी ऐकले.

ह्या छंदातच आईच्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित करण्याचे मनात आले. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर ह्यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या. मग आपल्या घरातल्या का राहाव्यात? मी आईला हेडफोन दिला, यंत्राचा ठेका लावला. दुसऱ्याच ओळीला ती थांबली.

“त्या टकटकीला म्हणावं जरा दम धर. मला श्वास घेऊ दे.”

ठेका दम धरीना. आईची लय जात्याच्या फेऱ्याची. दाणे पडले की हात जड होतो, ओळ लांबते. भावाचे नाव आले की ती मध्येच रेंगाळते. आमच्या गावची पाणचक्की तुम्ही पाहिली असेल. दूरच्या डोंगरातून खापरी नळांनी आलेले पाणी तिथे दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी दळण दळी. पाणी दमत नाही. म्हणून त्या चक्कीवर कोणी ओवी गाइली असेल असे मला वाटत नाही.

आईच्या श्वासामागून चालायला माणसाचाच हात हवा होता. मी गिटार काढली.

तेव्हा प्रभाकर जोगांची (१९३२–२०२१) फार आठवण झाली. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले, त्यात त्यांचे व्हायोलिन होते. पुढे सुधीर फडक्यांचे साहाय्यक म्हणून, संगीत संयोजक म्हणून त्यांनी कितीतरी वादकांचे मेळ जमवले. ‘लपविलास तू हिरवा चाफा’सारख्या चालीही दिल्या. तरी लोकांच्या तोंडी राहिले ते त्यांचे ‘गाणारे व्हायोलिन’. शब्दाविना वाजणाऱ्या त्या गाण्यात शब्द ऐकू येत. मला वाटते, गाणारा कुठे श्वास घेतो हे वर्षानुवर्षे शेजारी बसून ऐकल्याखेरीज गज तसा चालत नाही.

आता पहाटे शाळेपूर्वी अर्धा तास मी वाजवतो. पूर्वी रियाजाला बसलो की कधी एकदा वाजवता येईल असे व्हायचे, आणि कंटाळा यायचा. आता कंटाळ्याला वेळच नाही. आई चहाचे आधण ठेवताना गुणगुणते आणि मला तिला गाठायचे असते! कधी गाठतो, कधी ती पुढे निघून जाते. संगणक तिथेच आहे. तिचा आवाज टिपायला तो लागणारच.

परवा तिने तळहात माझ्यापुढे धरला. जात्याचा खुंटा सुटून चाळीस वर्षे झाली. घट्ट्याची खूण पुसली गेली आहे, पण जागा तिला अचूक माहीत आहे.

ह्या भाऊबीजेला मामा येणार आहेत. त्यांनी आता ऐंशी ओलांडली आहे. आईने त्यांच्यासाठी पाच ओव्या निवडून ठेवल्या आहेत आणि साथीला मी आहे. ‘एफ’ कॉर्ड अजून नीट बोलत नाही. आठ दिवस हातात आहेत.