छाप आणि कस

अलीकडे कोणत्याही मोठ्या कचेरींत नवा माणूस रुजू झाला कीं, कामाची ओळख होण्याच्या आधींच त्याला एक उपदेश ऐकावा लागतो. ‘येथें नुसतें काम करून भागत नाहीं, आपली छाप पडली पाहिजे,’ असें त्याला सांगतात. बैठकींत कोठें बसावें, किती बोलावें, पोशाख कसा असावा, वरिष्ठांना लिहावयाचें पत्र कसें संपवावें, याचें शिक्षण देणारे वर्ग निघाले आहेत, आणि त्यांची फी भरणारे आईबापही पुष्कळ आहेत. जुन्या वळणाच्या सद्गृहस्थांना हा सारा प्रकार भपक्याचा वाटतो. काम चोख असलें म्हणजे छाप कशाला पाहिजे, असा त्यांचा सवाल असतो. आम्हांला मात्र या प्रश्नाचा निकाल इतक्या सहजासहजीं लावतां येईल असें वाटत नाहीं. छत्तीस वर्षें सरकारी नोकरींत काढल्यावर आमची अशी खात्री झाली आहे कीं, छाप ही हंसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. तिच्यावर माणसाची बढती, पेन्शन आणि कित्येकदां म्हातारपणची झोंपही अवलंबून असते.

छाप म्हणजे ठसा, आणि ठशाचें खरें घर टांकसाळ. पेशवाईंत टांकसाळी अनेक होत्या. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना प्रकारचे रुपये चालत, आणि त्या सर्वांतील चांदीचा कस सारखा नसे. म्हणून सराफ नुसती छाप पाहून रुपया घेत नसे. तो दगडावर वाजवून पाही, वजन करी, आणि हलक्या नाण्यावर बट्टा कापून घेई. ‘नांवाला बट्टा लागणें’ हा आपल्या बोलण्यांतील प्रयोग त्याच व्यवहाराची आठवण देतो. छाप निराळी आणि कस निराळा, हें त्या सराफाला पक्कें ठाऊक होतें. तथापि छापेवांचून त्याचेंही चालत नसे. चांदीचा नुसता तुकडा कितीही शुद्ध असला तरी तो घेऊन भाजीबाजारांत जातां येत नाहीं. प्रत्येक दुकानदाराला तो नव्यानें पारखावा लागेल, आणि तेवढी सवड कोणालाच नसते. कचेरींतील माणसाची स्थिति याहून वेगळी नाहीं. रोज नव्यानें त्याची पारख करीत बसण्यास वरिष्ठांना वेळ नसतो, म्हणून ते छापेवर विश्वास ठेवतात.

तेव्हां छाप मुळांतच वाईट आहे, असें म्हणतां येत नाहीं. वेळेवर येणें, नीटनेटका पोशाख करणें, मुद्द्याचें बोलणें, वाचणाऱ्याला कळेल असें लिहिणें, या गोष्टींनीं समोरच्या माणसाचे श्रम वांचतात. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांचें उदाहरण घ्या. पुण्याच्या सायन्स कॉलेजांत शिकून १८८४ सालीं ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत नोकरीस लागले. त्यांचा फेटा, त्यांचा व्यवस्थित पोशाख आणि घड्याळाशीं बांधलेला त्यांचा दिनक्रम यांची ख्याति आजही आहे. पण त्यांनीं योजलेले आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ सालीं खडकवासल्याच्या धरणावर बसविले गेले. पाणी ठराविक पातळीवर चढलें कीं ते उघडत आणि उतरलें कीं मिटत. त्यामुळें धरणाची भिंत न वाढवितां अधिक पाणी सांठवितां आलें. ते दरवाजे नीट चालले नसते, तर त्या फेट्याकडे कोणीं दुसऱ्यांदां पाहिलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

अडचण उत्पन्न होते ती पाहणाऱ्याच्या नजरेंत. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९२० सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. लष्करांतील अधिकाऱ्यांनीं आपल्या हाताखालच्या माणसांना बुद्धि, शरीरयष्टि, नेतृत्व, शील अशा निरनिराळ्या गुणांबद्दल जे आंकडे दिले होते, ते त्यानें तपासून पाहिले. त्याला असें आढळलें कीं, ज्याला एका गुणांत वरचा आंकडा, त्याला बहुधा सगळ्याच गुणांत वरचा. बांधा भरदार असला म्हणजे बुद्धीही भरदार ठरे. देवांच्या चित्रांत मस्तकामागें तेजाचें वलय काढतात, त्यावरून या भ्रमाला नांव मिळालें. ते अधिकारी लबाड नव्हते. एका माणसाकडे पाहून त्याचे गुण वेगवेगळे मोजणें मनाला जड जातें, आणि मन सोपी वाट धरतें, इतकेंच. या सोप्या वाटेनें काय घडतें, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

एका जिल्ह्याच्या ठिकाणीं दोन गृहस्थ आमच्याबरोबर काम करीत. पहिले बोलके, हंसतमुख, इस्त्रीचे कपडे घालणारे. त्यांची टिपणी वाचण्यास गोड असे, आणि साहेबांनीं हांक मारली कीं ते दारांतच उभे दिसत. दुसरे रेकॉर्डकीपर. लाल कापडांत बांधलेल्या गठ्ठ्यांच्या धुळींत त्यांचें आयुष्य गेलें. कोणाचा हुकूम नसतां सात वर्षें खपून त्यांनीं त्या सगळ्या दफ्तराची सूची केली. गांव, साल, विषय, गठ्ठ्याचा अनुक्रम, असे रकाने आंखलेल्या अकरा जाड वह्या त्यांच्या टेबलावर असत.

एकदां एका शेतकरी विधवेच्या दाव्यांत कालव्यासाठीं घेतलेल्या जमिनीचा जुना निवाडा कोर्टापुढें ठेवावयाचा होता. तो कागद दोन वर्षें कोणाला मिळत नव्हता. तारीख दुसऱ्या दिवशींची. रेकॉर्डकीपरांनीं आपली सातवी वही उघडली, आणि दुपारच्या चहाच्या आधीं तो निवाडा टेबलावर आणून ठेवला. पहिले गृहस्थ तो घेऊन लगबगीनें साहेबांकडे गेले आणि म्हणाले, “साहेब, कागद सांपडला.” साहेबांनीं त्यांची पाठ थोपटली. यांत खोटें कोणीच बोललें नाहीं. ‘सांपडला’ या क्रियापदाला शोधणाऱ्याची गरजच नाहीं! आपली भाषा मोठी सोयीची आहे. तींत कामें आपोआप ‘होतात’ आणि कागद आपोआप ‘सांपडतात’. त्या बाईला मोबदला मिळाला, ही त्या दिवसाची मोठी गोष्ट. परंतु शोधणाऱ्याचें नांव साहेबांच्या कानांवर गेलें नाहीं, तें नाहींच.

त्या काळीं वर्षाच्या अखेरीस वरिष्ठ प्रत्येकाविषयीं गोपनीय अहवाल लिहीत. कचेरींत त्याला ‘सी. आर.’ म्हणत. शेरा प्रतिकूल असला तरच तो माणसाला कळविण्याची रीत होती. आमच्या रेकॉर्डकीपरांना दरसाल ‘चांगला’ असा शेरा मिळत गेला. हा शब्द ऐकण्यास किती सज्जन आहे! पण निवडीच्या जागेसाठीं त्याहून वरचा शेरा लागे, त्यामुळें तो ‘चांगला’ त्यांच्या वाटेंत धोंड्यासारखा पडून राहिला. आणि प्रतिकूल नसल्यामुळें त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. जागा निघाली तेव्हां ती पहिल्या गृहस्थांना मिळाली. कारण कळल्यावर रेकॉर्डकीपर आम्हांला म्हणाले, “चांगलाच म्हटलें आहे ना? मग मी तक्रार तरी कशाची करूं?” या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. ते त्याच जागेवरून निवृत्त झाले. त्या काळीं पेन्शन शेवटच्या पगारावर ठरे, हें वाचकांस सांगावयास नकोच.

पुढें २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें असेंच एक प्रकरण आलें. देशाच्या सीमेवरील रस्ते बांधणाऱ्या खात्यांतील एका कार्यकारी अभियंत्याला १९९३-९४ सालीं ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. बढतीला ‘फार चांगला’ हवा होता. आणि शेरा प्रतिकूल नाहीं म्हणून तो कळविला गेला नव्हता. ‘देव दत्त विरुद्ध भारत सरकार’ या नांवानें हा निकाल प्रसिद्ध आहे. प्रत्येक शेरा, मग तो बरा असो वा वाईट, त्या नोकराला कळविलाच पाहिजे, असें न्यायालयानें ठरविलें. २००९ सालीं केंद्र सरकारनें सबंध अहवाल नोकराला दाखविण्याचा हुकूम काढला, आणि २०१३ सालीं न्यायालयाच्या मोठ्या पीठानें तोच नियम कायम केला. आमच्या स्नेह्यांना याचा उपयोग झाला नाहीं. पण आपल्याविषयीं काय लिहिलें गेलें आहे, हें आज सरकारी नोकराला कळतें, आणि त्यावर म्हणणें मांडतां येतें, ही लहान गोष्ट नव्हे.

कायद्यानें शेरा उघडा केला. पण शेरा लिहिणाऱ्याच्या मनांतील चित्र कायद्यानें बदलत नाहीं. तें चुकीचें असलें तर माणसानें काय करावें? न्यायमूर्ति रानडे यांच्यावर हा प्रसंग आला होता. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या सुमारास, १८७९ सालीं, त्यांची बदली धुळ्यास झाली, आणि सरकारच्या मनांत त्यांच्याविषयीं संशय होता. त्यांचीं पत्रें फोडलीं जात. बंडवाल्यांच्या नांवानें त्यांना पत्रें येत, आणि तीं ते पोलिसांकडे पाठवून देत, ही हकीकत रमाबाईंनीं १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेविली आहे. त्याच रानड्यांना १८९३ सालीं मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायाधीश नेमण्यांत आलें. संशयाला उत्तर म्हणून त्यांनीं आपला व्यवहार उघडा ठेवला, आणि मधल्या चौदा वर्षांत काम करीत राहिले. चौदा वर्षें थांबण्याचें धैर्य सर्वांच्या अंगीं नसतें, हें खरें; पण व्यवहार उघडा ठेवणें कोणालाही साधण्याजोगें आहे.

आमची एक भाची पुण्यास संगणकाच्या कंपनींत आहे. ती एकदां म्हणाली, “मामा, आम्हांला शिकवतात कीं बैठकींत पहिल्या पांच मिनिटांत बोललेंच पाहिजे. मला स्वतःविषयीं बोलायची लाज वाटते. पण गप्प बसलें कीं माझें काम दुसऱ्याच्या नांवावर जातें. तुम्हीच सांगा, काय करूं?” तिची लाज आमच्या ओळखीची होती. आपल्या घरांतून आत्मस्तुति निंद्य मानली जाते, आणि ती शिकवण टाकून द्यावी असें आम्ही म्हणणार नाहीं. पण हिशेब देणें ही आत्मस्तुति नव्हे. महिनाअखेर वाणी आपली वही आपल्यापुढें ठेवतो, त्याला कोणी बढाईखोर म्हणत नाहीं. उलट वही न ठेवणाऱ्या वाण्याचाच आपल्याला संशय येतो.

म्हणून आम्हीं तिला इतकेंच सुचविलें कीं, दर शुक्रवारीं वरिष्ठांना चार ओळी लिहाव्या. काय झालें, कोणीं केलें, काय राहिलें, आणि कोठें अडलें. ‘कोणीं केलें’ या ओळींत आपलें नांव जेथें असेल तेथें संकोच न करितां लिहावें, आणि दुसऱ्याचें असेल तेथें तितक्याच ठळकपणें त्याचें. अडचण मुदत संपण्यापूर्वीं सांगावी, कारण आधीं सांगितलेली अडचण ही माहिती असते, आणि मागून सांगितलेली सबब ठरते. वेळ कबूल करितांना झेपेल तीच करावी. बैठकींत सांगण्यासारखें असेल तेव्हां बोलावें; मग तें पहिल्या मिनिटांत असो वा शेवटच्या. विशेषणें दुसऱ्यांवर सोडावीं. भाचीनें हा क्रम चालू ठेवला आहे. तिच्या बढतीचें काय होईल तें पुढें दिसेल. पण तिच्या चार ओळींत एका नवख्या मुलाचें नांव दोनदां आलेलें पाहून वरिष्ठांनीं त्याला बोलावून त्याच्या कामाची चौकशी केली, असें तिनें परवां सांगितलें. हें ऐकून आम्हांला समाधान वाटलें.

शेवटीं, सराफाच्या गादीवर बसणाऱ्या वाचकांस एक विनंति. आपल्या वर्गांतील पुष्कळजण आज कोणाच्या ना कोणाच्या कामावर शेरा लिहीत असतात. कोणी कचेरींत, कोणी शाळेंत, कोणी स्वतःच्या धंद्यांत. छाप पाडण्याचें शिक्षण नोकरांना मिळतें, तसें कस पाहण्याचें शिक्षण वरिष्ठांना मिळत नाहीं. तें ज्याचें त्यानेंच करून घ्यावें लागतें. ‘कागद सांपडला’ असें कोणी सांगितलें कीं ‘कोणीं शोधला?’ एवढें विचारण्याची संवय ठेविली, तरी पुष्कळ काम होईल. त्या कचेरींत रेकॉर्डकीपरांच्या अकरा वह्या आम्ही निवृत्त होईपर्यंत वापरांत होत्या. नवे कारकून त्यांना ‘जुन्या वह्या’ म्हणत. त्या कोणीं केल्या हें त्यांना ठाऊक नव्हतें. शेवटच्या आठवड्यांत आम्हीं त्या मागवून घेतल्या, आणि प्रत्येकीच्या पहिल्या पानावर करणाऱ्याचें नांव आणि सालें लिहून त्या जागच्या जागीं ठेवविल्या.