कर्ता हरवलेली विशेषणे

पडक्या, जीर्ण, निकृष्ट वस्तूंसाठी इंग्रजीत जी विशेषणे आहेत, त्यांतली कितीतरी मुळात वस्तूबद्दल बोलतच नव्हती. ती माणसाच्या करणीबद्दल बोलत होती. ‘डिलॅपिडेटेड’ आज मोडकळीस आलेल्या घराला लावतात, पण त्यामागचे लॅटिन क्रियापद उधळपट्टीचे आहे. त्यात ‘लापिस’ म्हणजे दगड दडला आहे: दगड भिरकावावेत तशी संपत्ती उडवणे. इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यात धर्मगुरूने ताब्यातल्या वास्तूची हेळसांड केली की ‘डिलॅपिडेशन’चा ठपका येई. ‘डेरेलिक्ट’ म्हणजे मालकाने टाकून दिलेले. ‘रॅमशॅकल’चे नाते ‘रॅनसॅक’शी, म्हणजे घर धुंडाळून लुटण्याशी आहे. उधळणारा, टाकणारा, लुटणारा असा कोणीतरी प्रत्येक शब्दामागे उभा होता. विशेषण रुळले तसा तो दिसेनासा झाला, आणि भिंत जणू आपोआपच पडली.

‘शॉडी’ या शब्दाबाबत तर याहून मोठा अन्याय घडला. 1813 च्या सुमारास यॉर्कशरमधल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ याने जुन्या लोकरी चिंध्या पिंजून, त्यांत नवी लोकर मिसळून सूत काढले. त्या मालाचे नाव शॉडी. स्वस्त, काटकसरी, गरिबाच्या अंगावर ऊब घालणारे हे कापड. त्या नावात निंदा नव्हती. मग 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, सैन्याला घाईने गणवेश हवे होते, आणि नफेखोर कंत्राटदारांनी हलक्या प्रतीची शॉडी खपवली. गणवेश अंगावरच विरले. लबाडी कंत्राटदाराची होती, पण डाग बसला कापडाच्या नावावर, आणि तो आजतागायत निघालेला नाही. आपल्याकडे पानिपतच्या गिरण्यांत आजही जुन्या लोकरी कपड्यांपासून असेच सूत निघते, त्याची घोंगडी आपत्तीग्रस्तांपर्यंत पोचतात, आणि तिथे ‘शॉडी’ हे मालाचे साधे नाव आहे. दोष धाग्यात नव्हता, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

यावर भाषेचे अभ्यासक म्हणतील की शब्दाचा अर्थ वापरात असतो, मुळात नव्हे. मान्य. पडक्या घराला ‘डिलॅपिडेटेड’ म्हणू नये, असा हट्ट कोणी धरू नये. शिवाय काही शब्दांना कर्ता नसतोच. ‘रॉटन’ म्हणजे कुजलेले. फळ कुजायला कोणाचा गुन्हा लागत नाही. ‘डेक्रेपिट’मध्ये करकरण्याचा, तडकण्याचा आवाज आहे, आणि म्हातारपणाला आरोपी शोधणे क्रूरपणाचे ठरेल. पण म्हणूनच फरक करायला हवा. काळाने झिजलेले आणि माणसाने झिजू दिलेले यांना एकाच सुरात जीर्ण म्हटले, की दुसऱ्या प्रकारातला हलगर्जीपणा पहिल्याच्या आडोशाला लपतो. मूळ अर्थ मेला आहे असेही नाही. इंग्लंडमध्ये व्यापारी जागेचा भाडेकरार संपताना मालक ‘डिलॅपिडेशन्स’ची मागणी करतो, तेव्हा भिंतीची पडझड नुसती मोजून भागत नाही, डागडुजी करारानुसार कोणाकडे होती, हे आधी पाहावे लागते.