बियाणं घरचं, तण गावचं

वसईतल्या सांडोर गावात आमच्या पिढीला वैशाख धुरावरून ओळखू यायचा. भाताच्या रोपासाठी शेताचा एक कोपरा ठरलेला असायचा. तिथे शेणाचा थर द्यायचा, त्यावर वाळक्या फांद्या आणि पालापाचोळा, त्यावर गवत, सगळ्यावर बारीक माती पसरायची आणि वाऱ्याचा रोख बघून आग लावायची. याला राब भाजणं म्हणत. आम्हा मुलांना तो खेळ वाटायचा, पण मोठ्यांच्या लेखी ते वर्षातलं तणाशी पहिलं युद्ध होतं. मातीच्या वरच्या थरात दडलेलं गवताचं बी त्या आचेने मरायचं, राखेचं खत व्हायचं, आणि पहिल्या पावसावर पेरलेलं भात एकटंच वर यायचं. ही युक्ती कुणाच्या डोक्यातून निघाली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ती वापरायला कुणाला विचारावं लागत नव्हतं.

आता मे महिन्यात गावात धूर दिसला तर तो बहुधा कचऱ्याचा असतो. ज्यांची शेतं इमारतींच्या मधे अजून उरली आहेत, ते दुकानातून बाटली आणतात. लावणीनंतर ठरलेल्या दिवसांत ब्युटाक्लोर किंवा प्रेटिलाक्लोर, पुढे गरज पडली तर बिस्पायरिबॅक, आणि बांधावर ग्लायफोसेट. पाठीवर पंप घेतलेला एक माणूस दुपारपर्यंत जेवढं शेत मोकळं करतो, तेवढ्याला पूर्वी बायकांची रांग कित्येक दिवस वाकलेली असायची. आणि राबाची आठवण काढताना हेही सांगितलं पाहिजे, की त्याच्यासाठी झाडं ओरबाडली जायची. एका लहानशा रोपवाटिकेसाठी मोठ्या रानाच्या फांद्या उतरवाव्या लागत. ब्रिटिशांच्या काळात ठाणे जिल्ह्यात याच राबावरून सरकार आणि शेतकरी यांच्यात इतकं वाजलं, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वनआयोग नेमावा लागला. धुराचा तो वास आम्हाला आवडतो तो लहानपणाचा म्हणून. रानाला तो कधीच आवडला नसणार.

राबातून वाचलेलं तण लावणीनंतर डोकं काढायचं आणि मग बेणणी सुरू व्हायची. श्रावणातला पाऊस, पोटऱ्यांपर्यंत चिखल, डोक्यावर इरलं, आणि ओळीने वाकलेल्या बायका. नांगर पुरुषांचा, बेणणी बायकांची, अशी वाटणी होती, आणि त्या वाटणीला कुणी नावं ठेवत नव्हतं. पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या, रात्री त्यांवर तेल लावताना आई ओठ आवळून बसायची. कंबर धरून उठणं ही आमच्या आजीच्या पिढीची चालच होऊन बसली होती.

पण त्या वाकलेल्या बायकांना एक विद्या येत होती. भातात उगवणारी पाखड लहानपणी हुबेहूब भातासारखी दिसते. शहाणासुरता माणूसही फसतो आणि फसला की रोप उपटून तण ठेवतो. बायका पान खोडाला जिथे मिळतं तिथे बोट फिरवायच्या. भाताला तिथे बारीक पांढरी जिभली असते, पाखडीला नसते. चिखलाने माखलेल्या, पावसाने बधिर झालेल्या बोटांना ती कळायची. आणि उपटलेलं सगळं फेकायचं नसे. भातातलं हिरवं गवत म्हशीपुढे जायचं. वाडीतली घोळ, माठ, बांधावरचा टाकळा, कोवळा कुर्डू ओच्यात यायचा आणि रात्री लसणाच्या फोडणीत पडायचा. दुसऱ्याच्या बांधावरचा टाकळा खुडला म्हणून कुणी भांडल्याचं आम्हाला आठवत नाही. बियाणं ज्याचं त्याचं, तण मात्र अख्ख्या गावाचं.

या विद्येची जागा ज्या शोधाने घेतली त्याची कथा सांडोरपासून फार दूर घडली. अमेरिकेतल्या मोन्सँटो कंपनीत जॉन फ्रान्झ या रसायनशास्त्रज्ञाला १९७० मध्ये ग्लायफोसेटचा तणनाशक गुण सापडला. १९७४ मध्ये ते राउंडअप या नावाने बाजारात आलं. वनस्पतीला आवश्यक अशी काही अमिनो आम्लं तयार करणारं एक विकर ते अडवून धरतं आणि झाड आतून उपाशी मरतं. अडचण एवढीच होती की ते तण आणि पीक असा भेद करत नव्हतं. मग याच कंपनीच्या कारखान्याच्या सांडपाण्यात एक जिवाणू सापडला, जो ग्लायफोसेटमध्ये राहूनही जिवंत होता. त्याचं जनुक सोयाबीनमध्ये घातलं गेलं आणि १९९६ पासून अमेरिकेत असं सोयाबीन पेरलं जाऊ लागलं, ज्यावर औषध फवारलं तरी पीक उभं राहतं आणि बाकीचं सगळं मरतं. तण ओळखायची गरजच संपली. औषधावर पेटंट, जनुकावर पेटंट. इंडियाना राज्यातल्या बोमन नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने बाजारातून धान्य म्हणून घेतलेलं सोयाबीन पेरलं आणि त्यातून आलेलं बी पुढच्या हंगामांसाठी राखलं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१३ मध्ये सगळ्या न्यायाधीशांनी एकमुखाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

पिकात बदल आपल्याकडेही करत आले आहेत. छत्तीसगडात रानभाताचा उपद्रव मोठा. तिथे जांभळ्या पानांचं भात लावायची युक्ती होती. हिरवं दिसेल ते तण, जांभळं ते पीक. रायपूरच्या शास्त्रज्ञांनी पुढे ‘श्यामला’ नावाचं असं वाणही काढलं. तो बदल बेणणाऱ्या माणसाच्या डोळ्याला मदत म्हणून केलेला होता. अमेरिकेतल्या बदलाने डोळाच नको केला. दोन्हीकडे बुद्धी आहे, आणि दुसरीकडची बुद्धी फार मोठी आहे, हे आम्ही मान्य करतो. तरी पहिली आम्हाला जवळची वाटते.

सांडोरच्या शेतात असं जनुक कधी आलेलं नाही. भारतात शेतात लावायला परवानगी मिळालेलं आणि प्रत्यक्ष देशभर पसरलेलं जनुक बदललेलं पीक एकच, बीटी कापूस, २००२ पासून. तो आणण्यात जालन्याच्या महिको कंपनीचा वाटा होता. तिचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांची सुरुवात भेंडीच्या बियाण्यापासून झाली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच कंपनीचं बीटी वांगं २०१० मध्ये सरकारने थांबवलं. आणि तणनाशक सहन करणारा कापूस तर आजही बेकायदा आहे. तरी जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तो उघडपणे, जाहीर करून पेरला. विदर्भात निंदणीला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी परवडत नाही, हे त्यांचं म्हणणं. आमच्या आईचे पाय आठवले की त्यांना नावं ठेवायला आमची जीभ धजत नाही.

बियाण्याची गोष्ट वेगळी. ती आठवली की आमच्या मनात हळहळ खरोखर दाटते. कापणीच्या आधी घरातलं वडीलधारं माणूस शेतात एकटं फिरायचं आणि भरदार, एकसारखी पिकलेली कणसं वेगळी काढायचं. ती झोडपायची नाहीत, हाताने मळायची. सावलीत, मग उन्हात, मग पुन्हा सावलीत वाळवून राख आणि कडुनिंबाचा पाला घालून ते बी ठेवलं जायचं. घरात खायला तांदूळ संपला तरी त्याला हात लावायचा नाही, हा नियम मुलांनाही पाठ होता. वाडीत वेलावरचा एक दोडका, एक काकडी, एक दुधी बियांसाठी राखून त्याला फडक्याची खूण बांधलेली असायची. खुणेचा दोडका तोडला तर मार मिळायचा. केळीची पिल्लं शेजाऱ्याकडून यायची, नागवेलीचे तुकडे मामाच्या वाडीतून. लग्न होऊन दुसऱ्या गावात गेलेली मुलगी पहिल्या पावसाळ्यात माहेरचं बी पदरात बांधून न्यायची. नव्या कणसांवर चर्चमध्ये आशीर्वाद घेतला जायचा, तेव्हा ज्याच्या त्याच्या हातात स्वतःच्या शेतातली जुडी असायची.

तेव्हा पीक कमी यायचं. घरचं बी म्हणजे उत्तम बी, असं नव्हतं. त्यात भेसळ व्हायची, रोग एका वर्षातून दुसऱ्या वर्षात जायचा, उंच वाढणारं जुनं भात वाऱ्यापावसात आडवं व्हायचं. १९६८ मध्ये ‘जया’ प्रसारित झालं, कर्जतच्या भात संशोधन केंद्राची वाणं पाठोपाठ आली, आणि वर्षभराचा तांदूळ घरात पुरू लागला. तो आनंद आम्ही पाहिला आहे. शिवाय ही वाणं सरकारी असली तरी सरळ होती. एकदा आणली की पुढची काही वर्षं घरीच राखता यायची. १९९८ मध्ये कर्जतहून ‘सह्याद्री’ हे संकरित भात आलं. संकरित पिकाचं बी पुढच्या वर्षी पेरून तसंच पीक येत नाही, म्हणून दर वर्षी नवी पिशवी. भाजीपाल्यात हे आधीच झालं होतं. आता भेंडी, वांगी, दोडका, सगळ्यांच्या रंगीत पाकिटांवर कंपनीचं नाव असतं, औषध लावलेलं गुलाबी बी असतं आणि खाऊ नये अशी सूचना असते. केळीची रोपं प्रयोगशाळेतून पिशव्यांत येतात, सगळी एका उंचीची, निरोगी, आणि घडही मोठे देतात. उत्पन्न वाढलं. फडक्याची खूण बांधलेला दोडका मात्र आमच्या नातवंडांनी पाहिलेला नाही.

या बाबतीत आपल्या देशाने शेतकऱ्याच्या बाजूचा कायदा केला, हे अभिमानाने सांगावंसं वाटतं. भारताच्या पेटंट कायद्यात झाड किंवा बियाणं यांवर पेटंट मिळत नाही. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला संरक्षित वाणाचंही बी राखायचा, पेरायचा, देवघेव करायचा आणि विकायचाही हक्क दिला. फक्त ते नाममुद्रा लावून विकायचं नाही. बोमनला तिकडे जो हक्क नाही, तो सांडोरच्या शेतकऱ्याला इथे आहे. पण हक्क म्हणजे न्याय, असं आपोआप होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड या खेड्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या तुकड्यात वेगळी दिसलेली काही रोपं जपली, वर्षानुवर्षं निवडत नेली, आणि त्यातून बारीक तांदळाचं ‘एचएमटी’ निघालं. मनगटी घड्याळाचं नाव मिळालेलं ते वाण कित्येक जिल्ह्यांत पसरलं. १९९८ मध्ये कृषी विद्यापीठाने ते शुद्ध करून ‘पीकेव्ही एचएमटी’ म्हणून काढलं. खोब्रागडे यांना पुढे पुरस्कार मिळाले, पण २०१८ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या हाती जमीन आणि पैसा दोन्ही फार थोडं होतं. पेटंट नसण्याचीही किंमत असते आणि ती गरीब माणूस भरतो. घरचं बी, घरचं बी म्हणून गहिवरताना आम्ही हे विसरू नये.

बाटलीचंही तेच. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर मेले. ती तणनाशकं नव्हती, पण पंप तोच, उघडे पाय तेच. ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये संभाव्य कर्करोगकारक ठरवलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेला ते मान्य नाही. आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फत वापरावं, असा आदेश काढला. वसईत ही चिंता आणखी जवळची आहे, कारण आमच्या वाड्या बावखलांवर, म्हणजे गोड्या पाण्याच्या लहान तळ्यांवर, जगल्या. बांधावर फवारलेलं पावसाने कुठे जातं हे समजायला शास्त्रज्ञ लागत नाही. ज्या बावखलांवर रहाट फिरायचे, त्यांतली कित्येक मातीचा भराव घालून बुजवली गेली. उरली आहेत त्यांचं पाणी तरी जपायला हवं.

तणाने ग्लायफोसेटला अमेरिकेत उत्तर दिलं आहे. आपल्या राजगिऱ्याच्या आणि माठाच्या कुळातलं पामर नावाचं एक रोप तिथे आहे. जॉर्जिया राज्यात २००५ मध्ये ते ग्लायफोसेटला दाद देत नाही, हे सिद्ध झालं, आणि पुढे ते कापूस-सोयाबीनच्या शेतांत सर्वदूर पसरलं. काही शेतकऱ्यांनी मग पुन्हा हाताने उपटणारे मजूर लावले.

आता भारतातही भाताची पाळी आहे. दिल्लीच्या पुसा संस्थेने तणनाशक सहन करणारी बासमतीची दोन वाणं २०२४ मध्ये दिली. त्यांत बाहेरचं जनुक घातलेलं नाही, रोपं न लावता थेट पेरायची सोय आहे. २०२५ मध्ये जनुक संपादित केलेली दोन भातं देशाच्या कृषी संशोधन परिषदेने जाहीर केली. असं एखादं वाण उद्या कोकणासाठी आलं तर आम्ही त्याला दार लावणार नाही. कुणाच्याही पायाला चिखल्या होऊ नयेत. पण बी पुढच्या वर्षी घरात राहील का आणि औषध बावखलात उतरेल का, हे दोन प्रश्न आम्ही दुकानात उभं राहून विचारणार आहोत.

पानाच्या बेचक्यात बोट फिरवून पाखड ओळखणाऱ्या काही बायका सांडोरात अजून आहेत. यंदाच्या पावसात शाळकरी मुलींना त्यांच्याबरोबर शेतात न्यायचं ठरलं आहे. मुलगेही येणार आहेत. आमच्या वेळी ते येत नसत.