डागाचा पत्ता

दोष दिसला कीं माणूस प्रथम दोषी शोधतो. कारण शोधण्याची पाळी मागून येते. छापखान्यांत या घाईची किंमत फार लवकर कळते.

हल्लींच्या डिजिटल छपाईयंत्रांत खिळे नाहींत कीं साचा नाहीं. न्यूयॉर्कमधील अ‍ॅस्टोरिया येथें २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं चेस्टर कार्लसन व त्याचा सहकारी ऑटो कॉर्नेई यांनीं गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालानें घासला आणि विद्युत्भाराच्या ओढीनें भुकटी चिकटवून अक्षरें उमटविलीं. तीच युक्ति आज यांतील पुष्कळ यंत्रांच्या पोटांत चालते. फिरत्या ड्रमवर प्रकाशानें प्रतिमा उठते, टोनरची भुकटी तिला चिकटते, कागदावर उतरते आणि उष्णतेनें पक्की होते.

माझ्या परिचयाच्या एका छापखान्यांत एका स्मरणग्रंथाचें काम चाललें असतां पानापानांवर काळा ठिपका येऊं लागला. वाया गेलेल्या कागदाचे पैसे यंत्र चालविणाऱ्या मुलाच्या पगारांतून कापण्याचें मालकांनीं ठरविलें. मुलानें वाद घातला नाहीं. “शेट, आधीं मोजूं या, मग कापा,” एवढेंच तो म्हणाला. दोन ठिपक्यांतील अंतर सर्वत्र ९४ मिलिमीटर भरलें. इतका घेर असलेल्या रुळाचा व्यास सुमारें ३० मिलिमीटर. तेवढ्या व्यासाचा रूळ त्या यंत्रांत एकच होता, आणि तो बाहेर काढतांच त्यावर ओरखडा सांपडला. डागानेंच आपला पत्ता सांगितला होता!

अशा पत्त्यांची रीत ठरलेली आहे. नेमक्या अंतरानें येणारा डाग फिरत्या भागाचा. प्रत्येक प्रतींत एकाच पानावर, एकाच जागीं येणारा बहुधा मूळ मजकुराचा. पावसाळ्यांत कोठेंही पसरणारा फिकटपणा पुष्कळदां ओलसर कागदाचा, कारण त्यावर विद्युत्भार टिकत नाहीं. चारही रंग निरनिराळे छापून पाहिले कीं कोणता रंग बिघडला तें कळतें. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. तीन बदलल्या तर यंत्र कदाचित् सुधारेल, पण कशानें सुधारलें तें कळणार नाहीं.

नवें यंत्र पारखतांनाही हीच शिस्त हवी. विक्रेत्यानें दाखविलेल्या फुलांच्या चित्रावर भाळूं नये. आपलाच मजकूर न्यावा: बारीक देवनागरी, म्हणजे शिरोरेषा तुटते कीं काय तें दिसेल, सपाट करडी छटा, म्हणजे पट्टे लपणार नाहींत. पान उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंची जुळणी पाहावी, घडी घालून रंग तडकतो का तें पाहावें. आणि निर्णय पहिल्या प्रतीवर न देतां पांचशेंव्या प्रतीवर द्यावा. पहिली प्रत हा यंत्राचा सण. पांचशेंवी हा त्याचा संसार.

घरांत दूध उतूं गेलें किंवा मूल नापास झालें, कीं कोणावर रागवावें हें आपण क्षणांत ठरवितों. त्या मुलाचा पगार वांचला तो कोणाच्या दयेनें नव्हे. एका पट्टीनें आणि ती मागण्याइतक्या धीरानें.