सोबतची व्यक्ती

संसारात नवरा पुढे आणि बायको मागे, अशी आमच्या वसईकडची जुनी चाल. लग्नाच्या दिवसापासून रविवारच्या मिस्सापर्यंत मी ती निष्ठेने पाळीत आलो. परंतु गर्विष्ठाचे गर्वहरण करण्यास परमेश्वराला कोणतेही स्थळ चालते. माझ्यासाठी त्याने हुबळी निवडली.

आमच्या सौ. परिचारिका आहेत. त्यांच्या व्यवसायाची एक परिषद हुबळीस भरली होती व तेथे त्यांना निबंध वाचावयाचा होता. मी निवृत्त मनुष्य, सोबत म्हणून निघालो. हुबळीचा १५०७ मीटर लांबीचा फलाट २०२३ साली सुरू झाला. तो जगातील सर्वांत लांब म्हणून प्रसिद्ध आहे. सौ.ची बॅग उचलून चालताना ती सगळी लांबी मीच मोजतो आहे, असे मला वाटले.

परिषदेच्या दारी सौ.ना त्यांच्या नावाचा बिल्ला मिळाला. माझ्या बिल्ल्यावर नावच नव्हते, 'सोबतची व्यक्ती' एवढेच होते! आमच्या घराच्या दारावर तीस वर्षे केवळ माझ्याच नावाची पाटी आहे, हे त्या क्षणी प्रथमच ध्यानात आले.

सोबतच्या व्यक्तीस सकाळी काम नव्हते. म्हणून कोप्पीकर रोडवर फिरावयास गेलो. कापडाची, भांड्यांची, चपलांची दुकाने पाहत असता एका कापडवाल्याने हाक दिली, "बर्री काका, बर्री!" मी गोंधळलेला पाहून तो मराठीत म्हणाला, "या, बसा. १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यातच होता. तुम्ही काही परके नाही."

त्याने इरकली लुगडे उलगडून दाखविले. त्यात अंगाचा ताणा निराळा आणि रेशमी पदराचा ताणा निराळा असतो. मागावरच दोहोंच्या धाग्यांचे फास एकमेकांत अडकवून जोड करितात. त्यास 'टोपी तेणी' म्हणतात. सुईचा एक टाकाही लागत नाही. मी डाळिंबी रंगाचे एक लुगडे घेतले.

दुपारी सौ.चा निबंध ऐकण्यास शेवटच्या रांगेत बसलो. विषय होता रात्रपाळीचा. ज्या रुग्णास आपण होऊन कूस बदलता येत नाही, त्यास दर दोन तासांनी वळवावे लागते. नाहीतर दाब पडून पाठीला, टाचांना जखमा होतात. एका आजोबांना रात्रीतून पाच वेळा वळविताना ते दर वेळी 'मुली, तू निजली नाहीस का?' असे विचारीत, हे त्यांनी सांगितले. सभागृह स्तब्ध झाले. माझी मान मात्र खाली गेली. अशाच रात्रींनंतर घरी आलेल्या या बाईकडे मी वर्षानुवर्षे 'आज चहाला उशीर झाला' अशी तक्रार केली होती. तू निजलीस का, हे त्या परक्या आजोबांनी विचारले. मी कधीच विचारले नव्हते.

संध्याकाळी लुगडे पुढे ठेविले. "अहो, एवढा खर्च कशाला?" असे नेहमीचे बोलून त्यांनी पदराचा जोड निरखला. टाका नाही, हे मी सांगताच हसून म्हणाल्या, "म्हणजे टाक्याशिवाय जखम भरली म्हणावयाची!" मी म्हणालो, "भरली असेल, तर उद्यापासून सकाळचा चहा माझ्याकडे." त्या काही बोलल्या नाहीत. परंतु पदरावरून त्यांचा हात बराच वेळ फिरत राहिला.

पहिल्या पुरुषास एकटेपण बरे नव्हे, म्हणून देवाने त्याला सोबत दिली, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. सोबत ही द्यावयाचीही असते, हे शिकण्यास मला हुबळीस जावे लागले.

घरी परतल्यावर पाटी रंगविणाऱ्यास बोलाविले. त्याने विचारले, "काका, बाईंचे नाव वर घालू की खाली?"

"सोबत घाल. एकाच ओळीत."

पाटी थोडी लांब झाली खरी, परंतु हुबळीच्या फलाटाएवढी नव्हे.